खुबा बदलण्याआधी



 1894 मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे मिरजेत रुग्णालय उभारले, आणि तेव्हापासून या गावाला दुखणे घेऊन येणाऱ्यांची सवय आहे.

अशीच एक मुलगी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. वय 27. काय दुखतं विचारलं तर म्हणाली, ‘कंबर.’ हात मात्र कमरेवर गेला नाही. अंगठा मागे आणि बोटे पुढे जांघेत, असा पंजा तिने खुब्यावर ठेवला. फायलीत पाठीचा एमआरआय होता, दोन वर्षांच्या गोळ्या होत्या. उभ्याने काढलेला दोन्ही खुब्यांचा साधा एक्स-रे तेवढा नव्हता. कुणीतरी तिला सांगितले होते, पन्नाशीपर्यंत कळ काढ, मग सांधा बदलू. आम्ही कागद चाळत असताना तिची आई सहज बोलून गेली, ‘पायाळू हाय ती. गावात कुणाची पाठ धरली की हिचाच पाय लावून घ्यायला येत्यात.’

एक्स-रेत विबर्ग कोन 12 अंश निघाला. स्वीडनच्या गुन्नर विबर्ग यांनी 1939 मध्ये सांगितलेला हा कोन 25 च्या वर हवा. 20 च्या खाली गेला की खुब्याची वाटी उथळ. मग मांडीच्या हाडाच्या गोळ्यावरचे छत अपुरे पडते, अंगाचा सारा भार काठाच्या अरुंद पट्टीवर येतो, वाटीच्या काठाची लॅब्रम फाटते आणि कूर्चा झिजू लागते. हे सगळे ऐन तारुण्यात. पन्नाशीपर्यंत थांबा म्हणणे म्हणजे तो खुबा झिजू देणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

1984 मध्ये बर्नला राइनहोल्ड गांझ यांनी वेगळी वाट काढली. वाटीभोवतीचे हाड चौफेर कापायचे, पण मागचा खांब अखंड ठेवायचा. वाटी सुटी करून गोळ्यावर नीट फिरवायची आणि स्क्रूंनी बसवायची. खांब शाबूत राहिल्याने कटीचे कडे तुटत नाही आणि प्रसूतीचा मार्गही फारसा बदलत नाही. तरुण मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना हे आवर्जून सांगायला हवे. गांझ यांच्या पहिल्या 75 खुब्यांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा 20 वर्षांनीही सुमारे 60 टक्के खुबे रुग्णांचे स्वतःचेच होते; आणि मुळात त्या 75 पैकी काहींत झीज शस्त्रक्रियेआधीच सुरू झालेली होती. कूर्चा चांगली असताना हात घातला, तर निकाल आणखी चांगला.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जरूर जाऊन या. तिथले कारागीर जवारी काढतात ती पाहा. तार तीच, भोपळा तोच; घोडीचा उतार कानसेने केसभर सुधारला की स्वर मोकळा होतो. वाटीचा उतारही असाच जपून साधावा लागतो. जास्त फिरवली तर खुबा पुढून अडकतो, कमी फिरवली तर दुखणे तसेच राहते. शिकायला अवघड आहे हे काम. म्हणूनच दोन दिवसांच्या या परिषदेत हाडांच्या नमुन्यांवरच्या कार्यशाळेला आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला आहे.

त्या मुलीचा खुबा आम्ही असाच वाचवला. आठ आठवडे कुबड्या घेतल्या तिने, मग काही दिवस काठी. आता दांडा न धरता ती एसटीत चढते.

खुबा जपायचा तो मूल तान्हे असल्यापासूनच. आपल्या बायका मूल कडेवर घेतात, ते खुब्याला मानवते. पाय सरळ बांधून दुपट्यात आवळणे मानवत नाही. बाळंतिणीच्या खोलीतच हे सांगायला हवे. वाटी उथळ राहण्याचा धोका पायाळू बाळाला जास्त; म्हणून अशा बाळाची, त्यातून पहिली मुलगी असेल तर नक्कीच, सहाव्या आठवड्यात खुब्याची सोनोग्राफी झाली पाहिजे.

आमच्या व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्या. पण एक मागणे पदरात घाला. परत गेल्यावर, जांघ दुखते म्हणणाऱ्या प्रत्येक तरुण रुग्णाच्या केसपेपरवर ‘जन्म पायाळू होता का?’ एवढे विचारून लिहा, आणि त्याच दिवशी उभ्याने एक्स-रे काढा.