हॅरिएटच्या आईचा कागद



तुम्ही दिवसभर राबता आणि रात्री इथे येऊन पाटी धरता. आता तुम्हाला जोडाक्षरेही वाचता येऊ लागली. म्हणून आज एका घरची हकीकत सांगतो. घर आपल्या मुलखातले नाही, दूर अमेरिकेतले आहे. हकीकतही दीडशे वर्षांहून जुनी आहे. पण ऐकताना ती तुम्हाला परकी वाटायची नाही.

अमेरिकेत त्या काळी गुलामगिरी होती. आफ्रिकेतून काळ्या लोकांना धरून जहाजांत घालून तिकडे नेले होते. आपण बाजारात बैल विकतो ना, तशी तिथे माणसे विकली जात. आई गुलाम असली की तिचे मूल जन्मतःच गुलाम. दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत तर गुलामाला लिहावाचायला शिकवणे हा गुन्हा होता.

मेरीलँड नावाच्या राज्यात बेन आणि रिट हे एक गुलाम जोडपे होते. बेन जंगलात लाकूडतोडीचे काम करी. रिट मालकाच्या घरी राबे. त्यांना नऊ मुले झाली. त्यांतली एक मिंटी. ती १८२२ च्या सुमारास जन्मली. मोठेपणी तिने हॅरिएट हे नाव घेतले. टबमन नावाच्या माणसाशी लग्न झाले, तेव्हा ती हॅरिएट टबमन झाली.

मिंटी लहान होती, तेव्हाच मालकाने तिला दुसऱ्यांच्या घरी कामाला दिले. तिथे तिने चाबूक खाल्ला. एकदा एका मुकादमाने पळणाऱ्या मुलावर दोन पौंडांचे लोखंडी वजन फेकले. ते मिंटीच्या डोक्यात बसले. तेव्हापासून बोलता बोलता तिला एकाएकी गुंगी येई. हे दुखणे जन्मभर राहिले.

पण तिला याहून मोठे दुःख होते. तिच्या तीन बहिणी मालकाने दूर विकून टाकल्या. त्या पुन्हा कधी दिसल्या नाहीत. मग धाकट्या भावाची पाळी आली. तेव्हा आईने, रिटने, त्याला महिनाभर लपवून ठेवले. गिऱ्हाईक दाराशी आले, तेव्हा ती म्हणाली, जो पहिला आत पाऊल टाकील त्याचे डोके फोडीन! मालकाने तो सौदा सोडून दिला.

आता कागदाची गोष्ट ऐका.

बेनच्या मालकाने मरताना मृत्युपत्र केले होते. मृत्युपत्र म्हणजे, माझ्यामागे माझ्या मालमत्तेचे काय करावे, हे सांगणारा कागद. त्यात बेनला ४५ व्या वर्षी मोकळे करा, असे होते. तसा बेन १८४० साली मोकळा झाला. हॅरिएटच्या मनात आले, आपल्या आईचाही असा काही कागद असेल का? तिने काडीकाडीने पैसे जमवले. १८४५ च्या सुमारास एका वकिलाला पाच डॉलर दिले आणि जुने कागद पाहायला सांगितले.

वकिलाला कागद सापडला. तो १७९१ साली लिहिलेला होता. रिटच्या पहिल्या मालकाने ती आपल्या नातीला दिली होती. पण किती दिवस? रिटने आणि तिच्या मुलांनी ४५ वर्षांचे होईपर्यंतच राबायचे, पुढे नाही, असे त्यात लिहिले होते. त्या हिशेबाने रिट १८३० च्या सुमारास मोकळी व्हायला हवी होती. तिला हे कोणी सांगितले नाही. तिला वाचता येत नव्हते. तिच्या हक्काचा कागद कचेरीत पडून होता आणि ती राबत होती.

कागद सापडला, तरी मालकाने तिला सोडले नाही. पुढे १८५५ साली बेनने २० डॉलर मोजले आणि आपलीच बायको विकत घेतली. जी कागदावर पंचवीस वर्षांपूर्वीच मोकळी झाली होती, तिला!

हॅरिएट १८४९ साली पळाली. रात्री ध्रुवतारा पाहून चालायची, दिवसा लपायची. अशी ती उत्तरेकडे पेनसिल्व्हानिया राज्यात पोचली. तिथे गुलामगिरी नव्हती. पण तिला एकटीचे सुख गोड लागेना. स्वयंपाकघरात काम करून ती पैसे साठवी आणि पुन्हा मागे जाई. दहा वर्षांत तिने सुमारे तेरा फेऱ्या केल्या आणि सुमारे सत्तर माणसे सोडवली.

१८५४ च्या नाताळात तिचे तीन भाऊ विकले जाणार होते. तिला लिहिता येत नव्हते. तिने दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेतले. ते जेकब जॅक्सन या मोकळ्या काळ्या माणसाच्या नावे पाठवले. माझ्या भावांना सांगा, नाव आली की चढायला तयार राहा, असा त्यात मजकूर होता. टपालवाल्या गोऱ्यांनी पत्र फोडले, पण त्यांना अर्थ लागेना. त्यांनी जॅक्सनला बोलावले. त्याला वाचता येत होते. त्याने पत्र वाचले आणि क्षणात ओळखले. वरकरणी म्हणाला, मला तर याचा काही अर्थ लागत नाही. बाहेर पडून त्याने भावांना निरोप दिला.

भाऊ बापाच्या घराजवळ कडब्याच्या खोपटात लपले. आई आरडाओरडा करील, म्हणून तिला सांगितले नाही. ती सणाचे जेवण करून मुलांची वाट पाहत बसली होती. मुले फटीतून तिला पाहत होती. बापाने डोळ्यांना रुमाल बांधून त्यांना जेवण नेऊन दिले. का? उद्या कोणी विचारले, तर मुले दिसली नाहीत, असे खरे सांगता यावे म्हणून! भाऊ सुटले. पुढे १८५७ साली हॅरिएटने म्हाताऱ्या आईबापांनाही नेले. एक बहीण मात्र राहिली. तिला आणायला हॅरिएट गेली, तेव्हा ती वारली होती.

पुढे लढाई झाली आणि १८६५ साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले. ते त्यांनी गुलामांना मोकळे करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. हॅरिएटने ऑबर्न गावी घर केले, आईबापांना शेवटपर्यंत सांभाळले. १९१३ साली ती वारली.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, तिला तर अक्षर येत नव्हते, तरी तिने एवढे केले. खरे आहे. धैर्य शाळेत मिळत नाही. पण वकील लागला, पत्र लिहिणारा लागला, वाचणारा जॅक्सन लागला. आणि आईचा कागद वेळेवर कोणी वाचला असता, तर?

मी शाळेत होतो, तेव्हा लोक कागद घेऊन माझ्या ओसरीवर येत. कित्येकांनी आधी अंगठा उठवलेला असे आणि मग विचारीत, गुरुजी, यात काय लिहिलंय हो? तेव्हा मला फार वाईट वाटे.

म्हणून उद्या येताना घरातला एक कागद घेऊन या. सातबारा असो, रेशनकार्ड असो, बँकेचे पुस्तक असो. मी वाचणार नाही. तुम्ही वाचायचा, मी ऐकणार.

रामराम.