मेंदूच्या नावाने मराठीची शिफारस नको



हैदराबादच्या आपल्या या मराठी संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या पानावर छापलंय : 'मुलांना मराठी शिकवा, बुद्धी वाढवा, स्मृतिभ्रंश टाळा, वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध!' आयोजक रागावतील, रागावोत. अध्यक्ष केलंत, आता ऐका. यात विज्ञान थोडं आहे, जाहिरात फार.

थोडं जे आहे ते आपल्याच शहरातलं. पंजागुट्ट्याच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. एकच भाषा बोलणाऱ्यांना सरासरी एकसष्टाव्या वर्षी लक्षणं दिसू लागली होती, एकाहून अधिक बोलणाऱ्यांना साडेचार वर्षं उशिरा. लांबलं हो, टळलं नाही! रोग दोघांनाही झालाच होता. टोरांटोत २०१२ साली सारख्याच अवस्थेतल्या रुग्णांचे स्कॅन ताडून पाहिले, तेव्हा दोन भाषा बोलणाऱ्यांचा मेंदू उलट जास्त झिजलेला निघाला. तरीही त्यांचं चाललं होतं.

हैदराबादच्या अभ्यासातली खरी बातमी तर आपण पत्रिकेत घेतलीच नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या रुग्णांतही हा फरक होता, सुमारे सहा वर्षांचा. मोंडा मार्केटमधली भाजीवाली टोमॅटोचा भाव तेलुगूत सांगते, घासाघीस दख्खनीत करते, आणि नांदेडकडचं गिऱ्हाईक दिसलं की त्याच दमात मराठीवर येते. एक भाषा तोंडात असताना दुसरी डोक्यात जागीच असते. तिला थोपवायचं आणि हवी तीच पुढे करायची, ही कसरत ती बाई दिवसभर करते. या कसरतीमुळेच मेंदू अधिक काळ तग धरत असावा, असं संशोधकांना वाटतं. त्या बाईला आपण या सभागृहात बोलावलेलं नाही. शिवाय त्या अभ्यासात दोनच्या पुढे तिसरी-चौथी भाषा आल्याने जास्तीचा लाभ दिसला नाही, तेव्हा नातवाच्या फ्रेंच क्लासची फी भरणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आता 'बुद्धी वाढवा'चं बघू. २०१८ साली १५२ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. अनुकूल निकालच जास्त छापले जातात, ही त्रुटी वजा केल्यावर लक्ष एकाग्र करण्यात किंवा मन आवरण्यात दोन भाषा बोलणारी प्रौढ माणसं सरस असल्याचा पुरावा उरला नाही. ही त्रुटी काल्पनिकही नव्हे. एडिनबराच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की या विषयावर परिषदांत मांडलेल्या निबंधांपैकी लाभ दिसलेले ६८ टक्के पुढे छापून आले, तर त्याला आव्हान देणारे जेमतेम २९ टक्के. होकार छापायचा आणि नकार कपाटात ठेवायचा, हे फक्त आपल्या साहित्य संस्थांतच चालतं असं मला वाटत होतं!

शिवाय विज्ञानाचा कौल फिरतोही. वेल्समध्ये १९२३ साली सेअर नावाच्या संशोधकाने चाचण्यांवरून सांगितलं, की खेड्यातली वेल्श-इंग्रजी बोलणारी मुलं बुद्धीने मागे पडतात. पुढे कित्येक वर्षं घरची भाषा तोडायला असली शास्त्रं हाताशी धरली गेली. १९६२ मध्ये माँट्रियलमध्ये पील आणि लॅम्बर्ट या संशोधकांना नेमकं उलटं आढळलं. आज तुम्ही विज्ञानाच्या दाखल्यावर मुलाला मराठी देताय. उद्या आकडे पुन्हा फिरले तर काय कराल? पत्रिका फाडणार की मराठी सोडणार? भाषा काय च्यवनप्राश आहे, गुण आला नाही की बरणी परत करायला?

भीती घालणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. माझ्या लेकीला एका शाळेने बजावलं, 'घरी इंग्रजीच बोला, नाहीतर मूल गोंधळेल.' गोंधळ मुलाचा नसतो. 'आजी, वॉटर दे' असं ते म्हणतं, कारण आजीला दोन्ही कळतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. एकभाषी माणसासमोर तेच पोर निमूटपणे एका भाषेत बोलतं. तरी आईबाप घाबरून घरातली मराठी काढून टाकतात, आणि दोन भाषांचं मूल एका भाषेवर आणून ठेवतात. वर त्याला प्रगती म्हणतात.

आणि आपण? तीन पिढ्या या शहराचं पाणी पिऊन 'आम्हाला तेलुगू येत नाही' असं कौतुकाने सांगणारे महाभाग पहिल्या रांगेत बसलेत. मुलांनी दोन भाषा शिकाव्यात म्हणून पत्रकं काढायची आणि स्वतः वॉचमनशी खाणाखुणांनी बोलायचं, हे ढोंग आहे. नातवाला मराठी यावी ती त्याची आजी मराठीत रागावते, हसते, आजारपणात कण्हते म्हणून. एवढं कारण पुरत नसेल, तर कोणत्याही न्यूरॉलॉजिस्टचा दाखला पुरणार नाही.

दुपारच्या सत्रातल्या भाषाविषयक ठरावातही पत्रिकेतलेच 'वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध' हे शब्द आलेत. म्हणून ते वगळावेत, आणि याच इमारतीत मोठ्यांसाठी तेलुगूचा संध्याकाळचा वर्ग सुरू करावा, अशी दुरुस्ती मी सुचवतो. अनुमोदक कोण, हात वर करा.