पोर जेवत नाही? आधी भूक लागू द्या



पिकांबद्दल, जनावरांबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचं आहे घरातल्या लहानग्यांबद्दल, म्हणजे एक ते पाच वर्षांच्या मुलांबद्दल. घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. "पोर जेवतच नाही हो! भाकरी पुढं केली की तोंड फिरवतं, भाजी बघितली की पळतं."

आता सकाळपासूनचं चित्र डोळ्यापुढं आणा. आईची शेतावर जायची घाई. पोर उठून रडायला लागलं, म्हणून त्याला बशीभर चहा आणि बिस्किटं. दहा वाजता दुकानातली पाच रुपयांची चटपटीत पुडी. मग आजीच्या कपातला आणखी घोटभर चहा. दुपारी ताट पुढं आलं की पोराला भूक नाही. ती असणार कुठून? ती तर आपणच मारलेली असते. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं आपले वाडवडील सांगत आले. खरी भूक लागली तर घरचं साधं अन्नही गोड लागतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. जन्मल्यावर पहिल्या वर्षात मुलाचं वजन सुमारे तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही थोडी कमी होते. मूल खेळतंय, हसतंय, वजन वाढतंय, तर दोन घास कमी खाल्ले म्हणून घाबरू नका.

मग करायचं काय?

एक, वेळा ठरवा. दिवसातून तीन वेळा जेवण आणि मध्ये दोनदा थोडं खाणं. मधल्या वेळात पाण्याशिवाय काही नको. चहा तर लहान मुलाला मुळीच नको. चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही आणि रक्त कमी होतं. नुसत्या दुधानंही पोट भरतं. वरचं दूध चालू असेल तर दिवसाकाठी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त देऊ नका. मूल अंगावर पीत असेल तर दोन वर्षांपर्यंत खुशाल पाजा.

दोन, जबरदस्ती नको. काय वाढायचं आणि केव्हा, हे आपण ठरवायचं; किती खायचं, हे मुलानं. बागुलबुवाची भीती दाखवून, तोंड दाबून घास कोंबला की मुलाला जेवणाचीच धास्ती बसते. "भाजी खाल्लीस तर गोळ्या देईन" असंही म्हणू नका. भाजी म्हणजे शिक्षा आणि गोळी म्हणजे बक्षीस, एवढंच ते शिकतं. मोबाइल हातात देऊन भरवलं तर पोट केव्हा भरलं, हे त्याला कळतच नाही.

तीन, धीर धरा. नवी भाजी एकदा थुंकली म्हणजे आवडत नाही, असं नव्हे. आठ-दहा वेळा, कधी कधी पंधरा वेळाही ताटात चिमूटभर वाढावी लागते. दर वेळी नुसती चव दाखवा.

चार, सगळे मिळून जेवा. मुलाला वेगळी छोटी ताटली द्या, त्याच्या हातानं खाऊ द्या. सांडेल, सांडू द्या. आणि बंधूंनो, हे तुमच्यासाठी. बापानं कारलं बघून नाक मुरडलं तर पोरगं काय करणार?

खायला द्यायचं काय?

त्यासाठी बाजारात जायला नको. उलट आपली गंमत बघा. घरची अंडी आठवडी बाजारात जातात, दूध डेअरीला जातं, शेंगा आडतीवर जातात. आणि त्याच पैशातून पोरासाठी बिस्किटाचा पुडा येतो. हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. रोजचं एक अंडं आणि पेलाभर दूध आधी पोरासाठी बाजूला काढा, मग उरलेलं विका.

भाकरी वरणात कुस्करून त्यावर चमचाभर तूप किंवा तेल घाला. मुलाचं पोट लहान असतं, थोड्या घासात ताकद मिळायला हवी. ज्वारी-हरभऱ्याच्या पिठात शेवग्याचा कोवळा पाला किंवा मेथी बारीक चिरून घाला आणि तळहाताएवढी थालीपिठं लावा. मोड आलेली मटकी मऊ शिजवून वर लिंबू पिळा, म्हणजे लोह चांगलं अंगी लागतं. मधल्या वेळेला नाचणीचा लाडू, केळं किंवा पिकलेल्या पेरूच्या बिया काढलेल्या फोडी द्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे मात्र पाच वर्षांच्या आत देऊ नका, घशात अडकून जीव गुदमरतो. शेंगदाण्याचं कूट करूनच द्या.

केव्हा सावध व्हायचं?

अंगणवाडीत दर महिन्याला मुलाचं वजन करून घ्या. वजन वाढत नसेल, मूल मलूल असेल, फिकट दिसत असेल, माती खात असेल, तर त्याला हट्टी समजून गप्प बसू नका. आरोग्य केंद्रात दाखवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर पट्टीनं मोजतात. तो साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर कुपोषण तीव्र आहे, त्याच दिवशी उपचार सुरू करायला हवेत. जंतांमुळंही मूल अशक्त होतं. एक वर्षावरील मुलांना अंगणवाडीत जंताची गोळी मिळते, ती चुकवू नका. लहानग्यांना ती कुटून, पाण्यात कालवून द्यायची असते.

शेवटी एवढंच. उद्या सकाळी पोर उठलं की चहाची बशी पुढं करू नका. रात्रीची भाकरी दुधात कुस्करून द्या. पहिले तीन-चार दिवस ते रडेल, आजीचाही जीव तुटेल. पण घरातल्या सगळ्यांनी एक विचार ठेवा. पोर जेवायला लागेल.

बराय तर, रामराम.