मधुमेहाचे निदान आणि आपले रोजचे ताट
(पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून डॉक्टरने भात-भाकरीविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या घरातला कमावता माणूस डोळ्याने अधू होतो किंवा पायाच्या जखमेने अंथरुणाला खिळतो, त्या घरातल्या मुलाचे शिक्षण पहिल्यांदा थांबते. हे मी दवाखान्यात अनेकदा पाहिले आहे. म्हणून विषय तुमचाच आहे.

२०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आली, आणि फेरतपासणीत तेच दिसले, की मधुमेह आहे असे आम्ही म्हणतो. "पण डॉक्टर, मी तर सडपातळ आहे," असे पुष्कळजण म्हणतात. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचे उत्तर मोठ्या गमतीदार रीतीने दिले आहे. त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापला गेला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक दोघांचाही २२.३. मात्र शरीरातील चरबी मोजली तेव्हा साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांची २१.२ टक्के निघाली! तेव्हा बारीक दिसणाऱ्याने निश्चिंत राहू नये.

आता निदान झाल्यावर घरात काय होते ते पाहू. पहिल्या आठवड्यात सगळे घाबरलेले असतात. चहातली साखर बंद होते, मिठाईचा डबा कपाटात जातो आणि "अब्बांनी गोड सोडले" असे सर्वांना अभिमानाने सांगितले जाते. महिन्याने तपासणी होते. साखर जवळजवळ तेवढीच! मग अब्बा म्हणतात, औषध लागू पडत नाही.

औषधाला दोष देण्यापूर्वी थोडा हिशेब करू. विद्यार्थ्यांनी तो वहीत लिहून घ्यावा. चहाचा एक चमचा साखर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. दिवसातून तीन चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे ३० ग्रॅम साखर वाचली. उत्तम झाले. पण तांदळाच्या पिठात शंभरातले सुमारे ७८ ते ८० ग्रॅम पिष्ट असते आणि पोटात गेल्यावर त्या पिष्टाची साखरच होते. एका मोठ्या भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागते असे धरले, तरी तिच्यातून ४८ ग्रॅम साखर रक्तात जायची. दुपारी दोन भाकऱ्या, वर वाढणीभर भात, रात्री पुन्हा तेच. चहाचे ३० ग्रॅम वाचवून माणूस जेवणात त्याच्या सात-आठ पट घेतो. वर बिनसाखरेच्या चहाबरोबर खारी, बटर, टोस्ट, नानखटाई चालूच असते, कारण "ते काय फार गोड नसते." मैदा गोड लागत नाही एवढेच. जिभेला जे गोड लागते त्यानेच साखर वाढते, ही समजूत मनातून काढून टाकली पाहिजे.

म्हणून भाताविषयी सविस्तर बोलतो. कोकणातल्या माणसाला "भात सोडा" असे सांगणे म्हणजे त्याला घरातून बाहेर काढण्यासारखे आहे. तो चार दिवस सोडेल आणि पाचव्या दिवशी चोरून खाईल. मी भात सोडायला सांगत नाही. मी वाटी घ्यायला सांगतो. भाताचा टोप मध्ये ठेवून डावाने वाढत गेले, तर किती खाल्ले हे कोणालाच कळत नाही. एक मध्यम वाटी शिजलेला भात, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम, यात अंदाजे ४० ग्रॅम पिष्ट असते. ३० ग्रॅम कणकेच्या चपातीत सुमारे २० ग्रॅम. तेव्हा एका जेवणाला एक वाटी भात, किंवा दोन लहान चपात्या, किंवा एक बेताची भाकरी, यांपैकी एकच निवडावे. भाकरी खाऊन "तोंडाला चव म्हणून" पुन्हा भात घेण्याची आपली जी रीत आहे, ती मोडावी. मोलमजुरी करणाऱ्याला थोडे अधिक लागेल, दुकानात बसणाऱ्याला कमी. ते प्रमाण आपापल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. उकडा तांदूळ पांढऱ्या पॉलिश तांदळापेक्षा बरा, पण बरा म्हणजे दुप्पट खायला मोकळीक, असे नव्हे. गोश्तमधला बटाटासुद्धा भाजीत नव्हे, भातात मोजायचा.

नाचणीचेही तसेच. तिच्यात चुना भरपूर आहे, चोथा आहे, धान्य उत्तमच. परंतु तिच्यातही शंभरात सत्तर ग्रॅमच्या आसपास पिष्ट आहे. बारीक दळून पातळ पेज करून प्यालात, तर साखर भराभर चढते. नाचणीची भाकरी खावी, भाताच्या बदल्यात. भाताच्या जोडीला नव्हे.

ताटातली जागा रिकामी झाली तर ती कशाने भरायची? येथे आपले लोक नशीबवान आहेत. मासळीत पिष्ट नसते आणि प्रथिने भरपूर असतात. बांगडा आणि तारली यांतील स्निग्धांश हृदयाला हितकारक आहे. पापलेट-सुरमई परवडत नाही म्हणून हळहळू नये. मधुमेह्याच्या ताटात मी बांगड्यालाच अधिक मान देईन. फक्त रव्यात घोळवून कढईभर तेलात तळण्याऐवजी कालवण करावे किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजावा. सुकट आणि सुके बोंबील यांत मीठ फार, तेव्हा ज्याला रक्तदाबही आहे त्याने ते क्वचितच घ्यावेत. नारळाने साखर वाढत नाही, पण कॅलऱ्या वाढतात. वजन जास्त असेल तर वाटणात नारळ निम्मा करावा. ज्यांच्या मूत्रपिंडावर परिणाम झाला आहे, त्यांनी मासळी, गोश्त आणि कडधान्ये किती घ्यावीत हे विचारूनच ठरवावे.

दुसरी जागा कडधान्यांची. कुळीथ, चवळी, मूग, मसूर यांतही पिष्ट असते, पण ते सावकाश पचते आणि पोट बराच वेळ भरलेले राहते. कुळथाची पिठी ही आजीच्या काळातली गरिबांची वस्तू म्हणून आपण मागे टाकली. ती परत आणा.

आणि तिसरी जागा भाज्यांची. येथे मला थोडे स्पष्ट बोलू द्या. आपल्या पुष्कळ घरांत भाजी ही आजाऱ्याने किंवा महिनाअखेरीला खायची वस्तू समजली जाते. गोश्त-मच्छी असली की भाजी शिजत नाही. ही सवय मधुमेह्याला फार महाग पडते. ताटाचा अर्धा भाग माठ, मुळा, भेंडी, पडवळ, दुधी, वांगी, काकडी अशांनी भरावा. उरलेल्या अर्ध्यातला निम्मा भाग मासळी, अंडे, गोश्त किंवा डाळ, आणि राहिलेला चतकोर भात किंवा भाकरी. शिवाय आधी भाजी आणि मासळी, मग भात, या क्रमाने जेवले तर तोच भात साखर कमी चढवतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. यात पैसा खर्च होत नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालण्यातही होत नाही.

काही गैरसमज झटपट सांगतो. गूळ ही साखरच आहे. मधात शंभरातले सुमारे ऐंशी भाग साखर असते. आखातातून नातेवाईक प्रेमाने खजूर पाठवतात. लहान खजुरात सहा-सात ग्रॅम साखर, आणि मोठ्या मऊ खजुरात पंधरा-अठरा. 'शुगर फ्री' लिहिलेल्या बिस्किटात साखर नसेल, मैदा असतोच. कारले, मेथी अवश्य खा, पण त्यांच्या भरवशावर गोळी बंद करू नका. आंबा? मे महिन्यात हा प्रश्न मला दररोज विचारला जातो. शंभर ग्रॅम गरात १५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. साखर ताब्यात असेल तर लहान आंब्याच्या दोन फोडी खाव्यात, आणि त्या जेवणात भात तेवढा कमी करावा. आमरसाची वाटी मात्र नको, कारण रस किती पोटात गेला ते कळत नाही.

दावतीचे आणि वलिम्याचे जेवण टाळता येत नाही, टाळूही नये. बिर्याणीच्या थाळीत आधी बोटी आणि कांदा-काकडी घ्यावी, भात मोजका घ्यावा, आणि यजमानाच्या आग्रहाला हसून हात जोडावेत. रमजानचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तेरा देशांच्या पाहणीत असे आढळले, की रोजाच्या महिन्यात रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रमाण मधुमेह्यांत कित्येक पटींनी वाढते. तेव्हा सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून रोजा झेपेल का, गोळ्यांच्या वेळा काय, हे ठरवून घ्यावे. सहरीला निव्वळ चहा-पाव नको. चपाती, डाळ, अंडे असे सावकाश पचणारे अन्न घ्यावे. इफ्तारला एक-दोन लहान खजूर आणि पाणी पुरे. शरबत आणि भज्यांनी दिवसभराची कसर भरून काढू नये. बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडावा. आजाऱ्याला सवलत आहे हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

घाबरून उपाशी राहणारेही मी पाहतो. गोळी घेतली आणि जेवलेच नाही, तर काही औषधांनी साखर एकदम उतरते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि नंतर काही खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने दवाखान्यात न्यावे. हे घरातल्या प्रत्येक मुलाला माहीत पाहिजे.

आता भगिनींसाठी दोन शब्द. अब्बांना मधुमेह झाला, तर अम्मी त्यांच्यासाठी वेगळे शिजवते. अम्मीला झाला, तर तिच्यासाठी कोण शिजवतो? ती सर्वांना वाढून शेवटी बसते, मासळी संपलेली असते, भाजी संपलेली असते, आणि टोपाच्या तळाशी उरलेला भात फुकट जाऊ नये म्हणून तीच खाते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी माता-भगिनींच्या आजाराचे मूळ या उरलेल्या भातात आहे. त्यांना पथ्याचा कागद देऊन उपयोग होत नाही. घरातल्या पुरुषांनी त्यांना बरोबर जेवायला बसवले पाहिजे आणि मासळीचा तुकडा त्यांच्या ताटात आधी पडला पाहिजे. वेगळी हंडी चढवण्याचीही गरज नाही. मी सांगितलेले ताट निरोगी माणसालाही चांगलेच आहे, आणि ज्यांच्या आई-वडिलांना मधुमेह आहे त्या मुलांना तर फारच.

विद्यार्थी मित्रहो, एक काम तुम्हाला सोपवतो. घरी साखर तपासण्याचे लहान यंत्र असेल तर एक वही करा. जेवणापूर्वीची साखर लिहा, ताटात काय आणि किती होते ते लिहा, आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी पुन्हा तपासा. जेवणापूर्वी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत, असे बहुतेक प्रौढांसाठी आम्ही धरतो. वृद्धांना थोडी सवलत असते. एक दिवस दोन वाट्या भात, दुसऱ्या दिवशी एक वाटी भात आणि दोन वाट्या भाजी, तिसऱ्या दिवशी तेच जेवण आणि नंतर पंधरा मिनिटे चालणे. तीन आकडे शेजारी शेजारी मांडा आणि दादीला किंवा अब्बांना दाखवा. शाळेतल्या प्रयोगवहीसारखाच हा प्रयोग आहे. माझे तासभराचे भाषण जे पटवू शकत नाही, ते हे तीन आकडे पटवतात. पुढच्या तपासणीला येताना ती वही बरोबर आणा. डॉक्टरांनी मागितली नाही तरी त्यांच्यापुढे ठेवा.