कर्जाचा आकडा घरात सांगा



आज पिकापाण्यावर बोलावयाचे नाही. ज्या माणसाचे कशातच मन लागत नाही त्याच्याविषयी बोलावयाचे आहे. असा माणूस हल्ली घरोघर आहे. औत सुटले तरी तो बांधावरच बसून राहतो. सुताराचा मुलगा पदवी घेऊन आला, नोकरी मिळेना, आणि बापाच्या वाकसाला हात लावण्याचीही त्यास उमेद उरली नाही. शिकलो तेही फुकट, राबलो तेही फुकट, असे तो म्हणतो. शेजारी त्यास आळशी ठरवितात. जोशीबुवा ग्रहपीडा सांगून शांतीची दक्षिणा मागतात. म्हणजे बुडत्याच्या गाठीचे आणखी पाचशे गेले!

आम्ही अशा पुष्कळ घरी जाऊन बसलो. बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट दिसली. कर्ज किती आहे, हे घरधन्यावाचून कोणास ठाऊक नसते, आणि कित्येकदा त्यासही नसते. तो आकडा बायकोपासून लपवितो, भावापासून लपवितो, शेवटी स्वतःपासूनही लपवितो. मग त्यास वाट कशी सुचावी?

हिशेब तर साधा आहे. शेकडा पाच रुपये महिना, हे कानास थोडे वाटते. पन्नास हजारांवर ते महिन्याचे 2,500 व वर्षाचे 30,000 होतात. वीस महिन्यांत मुदलाइतके व्याज जाते आणि मुद्दल जागच्या जागी! दोन एकर कोरडवाहू एवढे कोणत्या साली देणार? मग खोट राबणाऱ्याच्या मनगटात, की त्या व्याजात?

1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारी कुणबी उठले, तेव्हा त्यांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, खतांवर होता. खते हिसकावून त्यांनी जाळली. गळा कोठे आवळला आहे, हे त्यांस नेमके कळले होते. पुढे 1879 च्या कायद्याने दक्षिणेतील शेतकऱ्याच्या खतामागचा सारा व्यवहार कोर्टास तपासावा लागला, आणि कर्जापायी त्यास तुरुंगात टाकणे बंद झाले. आज तर काही जाळावयासही नको. 2014 च्या कायद्याने परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि तशा सावकाराने बळकावलेली जमीन चौकशी करून परत देवविण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांस आहे. पण अर्ज कोण करणार? ज्याने कर्जच लपविले, तो?

विदर्भ-मराठवाड्यात किती घरांचे कर्ते पुरुष स्वतःच्या हाताने गेले, ते आपण जाणता. कित्येक बायांस कर्जाचा आकडा तेराव्यानंतर, सावकार दारी आला तेव्हा कळला.

येत्या बाजारच्या दिवशी आम्ही चावडीच्या ओट्यावर वही घेऊन बसणार आहोत. चिठ्ठ्या, पासबुके, जे असेल ते आणावे. कोणाचे नाव मोठ्याने वाचले जाणार नाही. मात्र येताना घरच्या बाईस बरोबर आणावे. तिच्यावाचून आम्ही हिशेबास बसणार नाही.