परमुलखातले माझे खाते



लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेस गेले. पदरी माझे डॉलर होते, पण भाजीलासुद्धा जावईबापूंचे कार्ड! मनाला लागे. बँकेत गेले. सोशल सिक्युरिटी नंबर पाहुणीजवळ कोठला? एका शाखेने परत धाडले. दुसरीने पासपोर्ट, व्हिसा व लेकीचा पत्ता पाहून खाते उघडले. डब्ल्यू-८ बेन फॉर्मवर मी तेथली रहिवासी नाही, असे लिहून दिले.

पुण्यात कळले, रिझर्व्ह बँकेची आडकाठी नाही. वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत पाठविता येतात. मात्र प्राप्तिकराच्या विवरणपत्रात खाते दाखवावेच लागते, शिल्लक चार डॉलर का असेना. आणि नेहमीचा ‘सहज’ फॉर्म चालत नाही.

“कटकट कशाला? बंद कर,” हे म्हणाले.

मी केले नाही. लेकीचे दुसरे बाळंतपण श्रावणात आहे.