ब्रश आईबाबांच्या हातात द्या

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन आईबाबा दंतवैद्याकडे येतात, ते बहुधा दात किडल्यावर. वरचे पुढचे दात काळपट झालेले असतात, मूल रात्री रडत उठतं. आम्ही डॉक्टर मग सांगतो, "दोन वेळा ब्रश करा." आईबाबा मान डोलावतात आणि घरी काहीच बदलत नाही. ब्रश करायचा हे त्यांना ठाऊकच असतं. अडतं ते रात्री नऊ वाजता. मूल तोंड उघडत नाही, ब्रश चावत बसतं, नाहीतर आईचं काम आटपेपर्यंत झोपूनच जातं.

म्हणून माझ्या व्यवसायातल्या मंडळींना आग्रहानं सांगते: ब्रश दवाखान्यातच आईच्या किंवा बाबांच्या हातात द्या. मुलाचं डोकं त्यांच्या मांडीवर, एका बोटानं ओठ वर उचललेला, आणि ब्रश हिरडीच्या कडेला. कीड पहिल्यांदा तिथंच खडूसारख्या पांढऱ्या रेघेत दिसते आणि त्या वेळी ती थोपवता येते. आईबाबांना करू द्या, तुम्ही बघा. मूल रडलं तरी घाबरू नका, रडताना तोंड उघडंच असतं.

आणि ब्रश शिकवायचं हे काम दवाखान्यातल्या सहायक ताईंवर सोपवा. डॉक्टरांसमोर गप्प राहणारी आई त्यांना सांगते, की बाळ दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपतं. त्यावर रागवायचं नाही. जेवण झाल्याबरोबर ब्रश आणि नंतर फक्त पाणी, एवढं तरी जमेल का, ते विचारायचं.

पेस्ट फ्लोराइडची हवी. 3 वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे 6 वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथं पालकांनी आधी दंतवैद्याला विचारावं. 7-8 वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला ते वळण नसतं, तोवर मोठ्यांनीच घासून द्यावं. "दुधाचे दात, पडणारच" म्हणू नका. त्यांतल्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत चावायला लागतात.

स्कॉटलंडच्या 'चाइल्डस्माइल' कार्यक्रमात प्रशिक्षित कार्यकर्त्या पालकांना घरी जाऊन मदत करतात. आपल्याकडे अंगणवाडी सेविका आहेत, आशाताई आहेत. 9 महिने पूर्ण झाले, की बाळ गोवर-रुबेलाच्या लशीसाठी येतं. बहुतेकांचे पहिले दात तेव्हा आलेले असतात. त्या दिवशी लशीनंतर पाच मिनिटं थांबवून त्यांनी आईला ब्रश धरायला दाखवावं.